माझ्या हेडफोनमध्ये काही वाजत नाही

आधी एक कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. हा हेडफोन मी आठ महिने वापरतेय, रोज पाच-सहा तास, आणि त्यावर ऐकलेली गाणी दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील. बेस कसा आहे, गायकाने घेतलेला श्वास ऐकू येतो का, यातलं मला काही विचारू नका. त्यासाठी ढीगभर परीक्षणं पडली आहेत. मी हा घेतला तो लोकांनी माझ्याशी बोलू नये म्हणून. त्या कामात तो कसा आहे तेवढंच सांगू शकते.

वस्तू अशी: काळा, बिनतारी, अख्खा कान झाकणारा, बाहेरचा आवाज मारणारा, म्हणजे नॉइज कॅन्सलिंग. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या दर्जाचे चार-पाच हेडफोन एकमेकांच्या इतके जवळ आहेत की माझ्या कामाला कुठलाही चालला असता.

मी हिशेबखात्यात आहे. दहा वर्षं दोघींच्या खोलीत बसले. शेजारची माझ्यासारखीच. सकाळी ‘आलीस?’, संध्याकाळी ‘निघते गं’, मधे कामापुरतं. इतकं छान जमायचं आमचं की ती निवृत्त झाली तेव्हा मी खरंच रडले, आणि सगळ्यांना नवल वाटलं, ‘तुम्ही तर बोलायचाही नाहीत!’ मग नूतनीकरण निघालं. भिंती पाडल्या, चाळीस माणसं एका हॉलमध्ये आणून बसवली. लोकांनी मिसळावं, विचारांची देवाणघेवाण व्हावी, असा उद्देश होता. प्रत्यक्षात जो तो समोरच्या टेबलावरच्या माणसाला मेसेज पाठवू लागला.

आमचेच लोक विचित्र आहेत असं मला वाटायचं. पण ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन या दोघांनी दोन मोठ्या कंपन्यांच्या मुख्यालयांत हेच मोजलेलं आहे. त्यांचा निबंध २०१८ साली आला. कर्मचाऱ्यांच्या गळ्यात सेन्सर अडकवले, मोकळी रचना होण्याआधीची आणि झाल्यानंतरची मापं घेतली. समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं होतं आणि ई-मेल वाढले होते. म्हणजे भिंत काढून घेतली की माणूस आपली आपण दुसरी उभी करतो. माझी अडीचशे ग्रॅमची आहे.

तरी पहिल्या खेपेला चुकलेच. आधी कानात घालायचे ते इवलेसे घेतले होते. केसांखाली ते कुणाला दिसायचेच नाहीत. कुणीतरी येऊन मागे उभं राहणार, दोन वाक्यं बोलणार, मी आपली स्क्रीनकडे बघत ढिम्म. ‘हाक मारली तरी ओ देत नाही’ अशी कीर्ती पसरायला आठवडा पुरला. तेव्हा समजलं की ही वस्तू कानासाठी नसून बघणाऱ्याच्या डोळ्यांसाठी असते. या मोठ्या हेडफोनला त्या बाबतीत पैकीच्या पैकी. हॉलच्या दारातून दिसतो. माणूस अर्ध्या वाटेत थांबतो, ‘असू दे, नंतर’ असं तोंडातल्या तोंडात म्हणतो आणि वळतो. कुणाचा अपमान नाही, मला खोटं हसावं लागत नाही. आणि गंमत म्हणजे माझ्याबद्दल कुणाला वाईटही वाटत नाही, कारण मी ‘काहीतरी ऐकतेय’. काहीतरी ऐकणाऱ्या माणसाला एकटं बसायची परवानगी असते. नुसत्या बसलेल्या माणसाला नसते.

आता त्या आवाज मारण्याबद्दल. बाहेरचे मायक्रोफोन येणारा आवाज टिपतात, आतलं यंत्र त्याची बरोबर उलटी लहर तयार करतं, आणि दोन्ही लहरी कानाशी भेटल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग या जर्मन माणसाला याचं अमेरिकन पेटंट १९३६ साली मिळालं. पुढे १९७८ मध्ये बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस विमानाने परतत असताना इंजिनाच्या घरघरीने त्यांना गाणी धड ऐकता येईनात, आणि तिथेच त्यांनी आकडेमोडीला सुरुवात केली. वैमानिकांसाठीचा त्यांचा हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडलं. हे सगळं सांगायचं कारण असं की हेडफोनमधली ही विद्या इंजिनासाठी जन्मली आहे. इंजिनासारखं एकसुरी घरघरणारं जे काही असेल ते हा हेडफोन पुसून टाकतो. एसी गेला, पंखा गेला, सर्व्हरच्या खोलीची ती भुणभुण गेली. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा खांदे आपोआप खाली आले, इतका वेळ ते वर धरले होते हेही माहीत नव्हतं.

माणसाचं बोलणं मात्र जात नाही. शंभर हर्ट्‌झच्या लहरीची लांबी साधारण ३.४ मीटर असते, हजार हर्ट्‌झची फक्त ३४ सेंटिमीटर. जितकी आखूड लहर, तितकी उलटी लहर अचूक वेळेला पोचायला हवी; जराशी उशिरा आली की जमलं नाही. बोलण्यातली ‘स’, ‘च’, ‘ट’ अशी व्यंजनं वरच्या पट्टीत असतात. त्यातून माणूस पुढच्या क्षणी काय बोलेल हे यंत्राला कळायची सोय नाही. वरच्या पट्टीतलं जे काही अडतं ते कानांवर बसणाऱ्या गादीच्या जाडीने. उलट घरघर गेल्यामुळे बोलणं कधीकधी आधीपेक्षा स्वच्छ ऐकू येतं. पहिले चार दिवस मला वाटलं, माझ्याच वाट्याला खराब नग आला. खोक्यावर ‘जग नाहीसं होतं’ अशा अर्थाचं काहीतरी छापलंय. ते खोटं आहे. यंत्रं नाहीशी होतात, माणसं राहतात.

याचा फटका तिसऱ्याच आठवड्यात बसला. माझ्या मागच्या टेबलापाशी दोघी बोलत होत्या. एक म्हणाली, ‘बोल गं, तिला काही ऐकू येत नाहीये.’ मग माझ्याबद्दलच सुरू झालं.

‘शिष्ट आहे जरा.’

‘शिष्ट नाही गं, काहीतरी झालं असणार. घरी वगैरे.’

शिष्ट म्हटल्याचं वाईट वाटलं नाही, त्याची सवय आहे. दुसरीचं बोलणं मात्र दिवसभर डोक्यात राहिलं. चांगल्या मनाची बाई आहे ती, आणि तिलाही हे सुचलं नाही की मला बरं वाटत असेल. गप्प माणूस म्हणजे एकतर गर्विष्ठ, नाहीतर दुःखी. तिसरं खातंच नाही वहीत. घरातलं खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मी एक जुनी शिलाई उसवून नव्याने घालत बसले होते रोज रात्री, एकटीच, आणि अतिशय मजेत होते.

आपली भाषाच बघा ना. घुम्या, एकलकोंडा, माणूसघाणा, मुखदुर्बळ, कुढ्या, आतल्या गाठीचा. यातला ‘आतल्या गाठीचा’ मला सगळ्यात आवडतो. बोलत नाही त्या अर्थी काहीतरी शिजतंय, असा सरळ आरोपच आहे तो. ‘बडबड्या’ मात्र गालगुच्चा घेऊन म्हणायचा शब्द. ज्याला सगळं सांगायची खोड आहे तो ‘मनमोकळा’, म्हणजे उरलेल्यांची मनं बंद, हे न बोलता ठरलं. एक ‘मितभाषी’ तेवढा बरा शब्द आहे, पण तो शोकसभेत वापरतात. माणूस आता काही बोलण्याची शक्यता उरली नाही, की मग त्याच्या कमी बोलण्याचं कौतुक. आणि ‘अंतर्मुख’? मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली माणसांचे दोन कल मांडले, अंतर्मुख आणि बहिर्मुख, त्यांतल्या एकासाठी आपण हा शब्द वापरतो, पण रोजच्या बोलण्यात आपण ‘त्या अपघातानंतर तो अंतर्मुख झाला’ असंच म्हणतो. अपघातच लागतो.

वार्षिक मूल्यमापनाचंही सांगते, कारण त्यात हेडफोनचा थेट उल्लेख झाला. साहेब सज्जन आहेत. ‘काम चोख आहे तुमचं, वर्षभरात एक चूक नाही. पण टीममध्ये जरा मिसळणं वाढवायला हवं. ते हेडफोन...’ आणि त्यांनी स्वतःच्या कानांभोवती बोटं फिरवली. मी म्हटलं, सर, चूक नाही ती त्याच्यामुळेच नाही. ते हसले, त्यांना विनोद वाटला.

विनोद नव्हता. रसेल गीन यांचा १९८४ मधला एक प्रयोग आहे. लोकांना शिकायचं एक काम दिलं आणि कानावर येणाऱ्या गोंगाटाची पातळी ज्याची त्याला निवडू दिली. अंतर्मुख लोकांनी कमी आवाज निवडला, बहिर्मुखांनी जास्त. आपापल्या पसंतीच्या आवाजात दोघांचंही काम सारखंच चांगलं झालं. एकाचा आवाज दुसऱ्याला लावला तेव्हा मात्र बिघडलं, दोघांचंही. आमच्या हॉलमध्ये आवाजाचं बटण एकच आहे आणि ते कुणाच्या हातात असतं हे सांगायला नको. तरी मूल्यमापनात आजवर कुणाला ‘थोडं गप्प बसणं वाढवा’ असं लिहून मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता माझी सगळ्यात मोठी तक्रार. हा हेडफोन पंधरा मिनिटांनी आपोआप बंद पडायचा. दुकानदाराला विचारलं, बदलून मागायची तयारी केली, मग माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानांत सापडलं: काहीच वाजत नसेल तर ‘वापरात नाही’ असं समजून तो बॅटरी वाचवतो. तीस तासांच्या बॅटरीची एवढी जाहिरात करायची आणि वर ही काटकसर. पण खरा राग बॅटरीचा नव्हता. डोक्यावर बसलाय, दोन्ही कान झाकलेत, आणि तरी यंत्राला वाटतंय की इथे कुणी नाही! कारण काय, तर काही ऐकत नाही. मागच्या टेबलावरच्या दोघी निदान माणसं तरी होत्या. शेवटी ॲपमध्ये चार पडदे आत शिरून ते बंद केलं. मधे ॲपनेही विचारून घेतलं, काही ऐकायला सुचवू का म्हणून. आपण तोंड उघडलं की आपोआप बाहेरचा आवाज आत सोडण्याचीही एक सोय त्यात आहे. मी खोकले तरी तिला वाटायचं गप्पा सुरू झाल्या. तीही बंद करून टाकली.

एकट्याने कान झाकून बसण्याच्या संकोचाला इतिहास आहे. सोनीचा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ ला विक्रीला आला, आणि त्याला हेडफोनची भोकं दोन होती. शिवाय एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाणं हळू होऊन एका मायक्रोफोनमधून बाहेरचा आवाज कानात यायचा, म्हणजे दोघांना हेडफोन न काढता आपसात बोलता यावं. कंपनीचे अकिओ मोरिता यांनी लिहून ठेवलंय की एकट्याने गाणी ऐकत बसणं लोकांना उद्धटपणाचं वाटेल असं त्यांना वाटत होतं. घरी वॉकमन लावून बघत असताना त्यांच्या पत्नीला आपल्याला वगळल्यासारखं झालं, तिथून हे सुरू झालं. लोकांनी मात्र तो घेतला आणि एकट्यानेच ऐकला, आणि पुढच्या मॉडेलांतून ते बटण गेलं. मला ही गोष्ट फार आवडते. एकटेपणाचं यंत्र बनवणाऱ्यानेच आधी माफी मागून ठेवली होती, आणि गिऱ्हाइकांना ती नकोच होती. माझ्या हेडफोनवर उजव्या कानाला दोनदा टिचकी मारली की बाहेरचं ऐकू येतं, म्हणजे ते नारिंगी बटण नाव बदलून परत आलंय. हल्ली शांतता विकायलाही निघाली आहे. उबरने २०१९ मध्ये अमेरिकेत ‘चालकाने कमी बोलावं’ हा पर्याय दिला, तोही फक्त महागड्या गाड्यांसाठी. फुकट मागितली तर शिष्टपणा, पैसे मोजून घेतली तर सोय.

एकदा जेवणाच्या सुट्टीत बाजूच्या मुलाने हेडफोन उचलून कानाला लावला. ‘यात काही वाजतच नाहीये.’ नाही वाजत. ‘मग तुम्ही नुसत्या बसता? वेड नाही लागत?’ त्याला मी टिमथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१४ चा प्रयोग सांगितला. माणसांना पंधरा मिनिटं खोलीत एकटं बसवलं, सोबतीला फक्त स्वतःचे विचार आणि विजेचा झटका देणारं एक बटण. झटका कसा लागतो ते त्यांना आधीच दाखवलेलं होतं. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी तो स्वतःला देऊन घेतला, २४ बायकांपैकी सहा जणींनी. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, ‘मीही दाबलं असतं.’ प्रामाणिक मुलगा आहे. त्यानंतर तो माझ्याकडे कामाचं विचारायला येतो तेव्हा समोरून येतो, मागून नाही. आठ महिन्यांत झालेला हा सगळ्यात मोठा फायदा धरावा लागेल, आणि तो हेडफोन काढलेला असताना झाला.

दोष लपवून उपयोग नाही, म्हणून हेही. मार्चमध्ये, वर्षअखेरीच्या घाईत, नवीन लागलेली एक मुलगी दोनदा माझ्या टेबलापर्यंत येऊन परत गेली. मला नंतर कळलं. तिची नोंद चुकली होती, घाबरली होती, आणि विचारायला तिला मीच सापडले होते, कारण ‘मॅडम कुणाला सांगत नाहीत’. हेडफोन बघून फिरली. पुढचे दोन दिवस ती चूक तिने एकटीने पोटात ठेवली. मला माणसं नको असतात असं नाही, हे मी लोकांना वर्षानुवर्षं सांगत आलेय. मला एका वेळी एक हवं असतं, तेही पुरतं. आणि नेमकं ते एक माणूस माझ्या अडीचशे ग्रॅमच्या भिंतीला हात लावून परत गेलं. वस्तूचा यात दोष नाही, ती सगळ्यांना सारखंच अडवते. तेव्हापासून मी दुपारी तीन ते चार हेडफोन गळ्यात ठेवते. त्या मुलीला सांगून ठेवलंय. ती येते, खुर्ची ओढते, विचारते आणि जाते. कधी विचारतही नाही, बसते आणि स्वतःचं काम करते.

बाकीचं भराभर. चष्मा असेल तर दोन तासांनी काडी कानामागे रुतते. उन्हाळ्यात गाद्या घामेजतात आणि सहाव्या महिन्यात डावीकडच्या गादीची साल निघायला लागली. केसांवर मधोमध खळगा पडतो, तो संध्याकाळपर्यंत जात नाही. फोन आला तर माझा आवाज पलीकडे विहिरीतून आल्यासारखा ऐकू जातो असं बहीण म्हणते. मला ही गैरसोय वाटत नाही. किंमत त्या महिन्याच्या हिशेबात टोचेल इतकी. पाचपैकी चार तारे देते. कापलेला एक त्या पंधरा मिनिटांचा.

गेल्या महिन्यात आईबाबांकडे गेले होते. आत्याही आली होती. हेडफोन बघून तिने विचारलं, ‘कान दुखतात का गं?’, मग आईला हळूच, ‘कुणाशी भांडलीय का ही?’ बाबा नेहमीप्रमाणे कोपऱ्यात. आमच्या नातेवाइकांत बाबांचं नावच ‘घुमेश्वर’ आहे, तोंडावर म्हणतात, तेही हसतात. आत्या पाहुण्यांशी बोलायला वळली तेव्हा त्यांनी हात पुढे केला. मी हेडफोन दिला. त्यांनी उलटा घातला, मी सुलटा करून दिला आणि बटण दाबलं.

थोड्या वेळाने एक कान उचलून म्हणाले, ‘यात काही लागत नाहीये.’

‘काही लावलेलंच नाहीये बाबा.’

‘अस्सं,’ म्हणाले, आणि कान पुन्हा झाकून घेतला. आत्या मोठ्याने म्हणाली, ‘बघा, दादा गाणी ऐकायला लागले या वयात!’ सगळ्यांना केवढा आनंद झाला. बाबांनी मान डोलावली, तालावर असावी तशी.

निघताना तो परत मागायचा धीर झाला नाही. मी दुसरा मागवलाय. या वेळी राखाडी, आणि आल्या आल्या आधी ते पंधरा मिनिटांचं बंद करणार आहे. बाबांच्या त्या हेडफोनचं करून दिलेलंच होतं.